अडीच सुताचा बोल्ट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. इतिहासावर बोलावयाचें म्हणजे राजे, तह आणि लढाया यांविषयीं बोलावें, असा आपला समज असतो. मी मात्र आज एका बोल्टाविषयीं बोलणार आहे. आणि तोहि नवा चकचकीत नव्हे, तर गंजून तांबडा झालेला आणि डोकें तुटलेला.

हा बोल्ट मला गडचिरोली जिल्ह्यांत, आष्टीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका दुरुस्तीच्या छपरांत पाहावयास मिळाला. पावसाळा नुकताच सरला होता. एक दहाचाकी ट्रक तेथें चार दिवसांपासून उभा होता. त्याचा टर्बो निकामी झाला होता. नवा टर्बो नागपुराहून येऊन खोक्यांत तयार होता; तरी गाडी हलत नव्हती. जुना टर्बो इंजिनाला चार ठिकाणीं आवळलेला होता आणि तो उतरवितांना त्या चारांपैकीं दोन स्टड मुळाशींच तुटले होते. गाडीचा मालक तोच चालक. कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला आणि दर दिवसाचें भाडें बुडत असलेलें. तो काकुळतीनें म्हणाला, "काका, जुनेच नट लावून द्या ना, कसंही चालवून घेईन." वृद्ध मिस्त्र्यानें वर न पाहतांच उत्तर दिलें, "लावतो बाप्पा. पण मग टर्बोही जुनाच लाव."

या उत्तरांतील मर्म कळण्यासाठीं टर्बो म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर फुकट जातो. त्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवावें, त्याच दांड्यावर दुसरें चाक बसवावें आणि त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत घालावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचें पेटंट त्यानें १९०५ सालीं घेतलें. १९२५ च्या सुमारास ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत यशस्वी झाली आणि १९३८ सालीं झाउरर या स्विस कारखान्यानें ती ट्रकांत आणली. आपल्याकडे टर्बो मालट्रकांत सर्रास दिसूं लागला तो बराच उशीरा, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. ट्रकाच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. अशा यंत्रांत गंजाचा एखादा पोपडा शिरला तर काय अनर्थ होईल, तें सांगावयास नकोच.

आतां हा टर्बो जेथें आवळलेला असतो ती जागा पाहा. भरल्या गाडीनें चढ चढतांना तेथून जाणारा धूर सहाशें-सातशें अंशांपर्यंत तापतो. संध्याकाळीं गाडी थांबली, कीं तेंच लोखंड थंड होतें. त्यांत या जिल्ह्याचा पाऊस आणि रस्त्यावर वाहणारे नाले! लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो आट्यांच्या फटींत शिरला, कीं नट आणि बोल्ट जणूं एकजीव होतात. पान्यानें जोर केला, तर नट फिरत नाहीं. बोल्टच पिळवटून तुटतो.

परंतु तुटलेल्या दोहोंपैकीं एकाची कथा निराळी होती. मिस्त्र्यानें त्याचा तुकडा पुसून, आटे मोजण्याची पट्टी त्यावर लावून मला दाखविला आणि म्हणाला, "हा या गाडीचा नाहीच." तो बोल्ट अडीच सुताचा होता, भोंक होतें आठ मिलिमीटरचें.

हें 'सूत' सुशिक्षित घरांत फारसें कोणी ओळखत नाहीं. पण सुतार-लोहारांत आणि मोटार-मिस्त्र्यांत तें आजहि चालतें. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठांत आणि यांत केसाएवढें अंतर. पण फरक जाडींत नसून आट्यांत आहे. अडीच सुताच्या जाड आट्याच्या बोल्टावर एका इंचांत अठरा फेरे असतात. आठ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टावर वीसाहून थोडे अधिक. म्हणून तो बोटांनीं एक-दोन फेरे सहज आंत जातो आणि मग अडतो. अडाणी हात तेथें पाना लावतो. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो. वास्तविक त्यानें भोंकांतले आटे कापून काढलेले असतात.

मग हे दोन जातींचे आटे एकाच डब्यांत आले कसे? येथें आपला इतिहास सुरू होतो.

पूर्वीं प्रत्येक कारखाना आपल्या मनासारखे आटे पाडी. लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले यानें १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा नेमका लेथ तयार केला. त्याच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. त्याचा कोन पंचावन्न अंशांचा. अमेरिकेंत विल्यम सेलर्सनें १८६४ सालीं साठ अंशांचा कोन धरिला. झालें, दोन साम्राज्यें उभीं राहिलीं! दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांचे बोल्ट अमेरिकनांच्या यंत्रांत बसेनात, तेव्हां कोठें १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एक समान मळसूत्र मान्य केलें. युरोपखंडांत तर मिलिमीटरचा तिसराच संसार चालू होता.

हिंदुस्थानांत हे तिघेहि आले. रेल्वेबरोबर व्हिटवर्थ आला. महायुद्धानंतर लिलावांत निघालेल्या लष्करी मोटारींबरोबर अमेरिकन आटे आले. १९५४ सालीं जमशेदपुरास टाटांनीं डायम्लर-बेंझच्या सहकार्यानें ट्रक बांधावयास आरंभ केला, त्याबरोबर मिलिमीटर आला. सरकारनें दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं केला. पण कायद्यानें जुन्या बोल्टांचे डबे रिकामे होत नसतात. जुन्या मिस्त्र्याचा डबा उपडा करा, म्हणजे त्यांतून दीड शतक बाहेर पडेल.

जमशेदपुराचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों. ती या मुलखाला जरा चटका लावणारी आहे. चांदा जिल्ह्यांत (चंद्रपूर हें नांव आणि वेगळा गडचिरोली जिल्हा हें सारें नंतरचें, गडचिरोली १९८२ सालीं वेगळा झाला) लोहाऱ्याच्या खनिजाची कीर्ति जुनी. येथले कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत लांकडी कोळशावर लोखंड गाळीत. १८८२ सालीं फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा या खनिजावरील अहवाल जमशेदजी टाटांच्या वाचनांत आला आणि पोलादाच्या कारखान्याचें स्वप्न त्यांनीं प्रथम याच मातीवर पाहिलें. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं उपयोगी ठरला नाहीं. पुढें १९०४ सालीं वेल्ड नांवाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानें चांद्याचें रान पालथें घातलें. मोठ्या कारखान्यास पुरेल असा सांठा त्याला तेथें आढळला नाहीं. त्याच सुमारास नागपुरास दोराबजी टाटा सहज वस्तुसंग्रहालयांत शिरले असतां तेथील नकाशांत दुर्ग जिल्ह्यांतील लोहखनिजाची खूण त्यांना दिसली, आणि शोधाची दिशाच पालटली. दुर्गाहूनहि पुढें, मयूरभंजच्या खनिजावर टाटांचा कारखाना उभा राहिला. चांद्याला कारखाना मिळाला नाहीं. पन्नास वर्षांनीं त्याच कारखान्याच्या गांवाहून ट्रक मात्र आले. आतां एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या टेकडीवर २०१६ पासून खनिज निघूं लागलें आहे, आणि तें वाहणाऱ्या गाड्यांचे बोल्ट याच रस्त्यांवर गंजत आहेत.

असो. छपरांतल्या गाडीकडे परत येऊं. मिस्त्र्याचें अनुमान असें, कीं पूर्वीं कोठें तरी घाईंत एक स्टड तुटला आणि कोणीं तरी तेथें हा अडीच सुताचा बोल्ट ठोकून दिला. तो धरीना, सांधा गळूं लागला, टर्बो हादरूं लागला, हादऱ्यानें तेलाची नळी सैल झाली आणि तेलावांचून बेअरिंग करपलें. काहीं रुपयांच्या बोल्टापायीं हजारोंचा टर्बो गेला.

राहिलेले नट त्यानें आदल्या रात्रींच तेलांत भिजवून ठेविले होते. सोडवितांना तो प्रथम पाना किंचित् आवळण्याच्या बाजूला फिरवी, मग सोडण्याच्या; म्हणजे गंजाची पकड मोडते. तुटलेल्या स्टडाच्या बुडख्यावर त्यानें नवा नट वितळजोडानें चिकटविला. त्या धगीनें गंज सुटून बुडखा पान्यानें फिरला. दुसऱ्या भोंकांतले आटे गेलेलेच होते. तें मोठें करून त्यांत पोलादी तारेचें नवें मळसूत्र बसवावें लागलें. दुकानांतले चकचकीत पांढरे नट त्यानें नाकारले. त्यांवरचें जस्त ४१९ अंशांवर वितळतें, मग येथें त्याचा टिकाव कोठून लागावा? उष्णता सोसणारे स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट आणावयास चालक स्वतः चंद्रपुरास गेला. त्याचा आणखी एक दिवस मोडला, आणि त्याबद्दल तो मिस्त्र्यावर रागावलेला मीं पाहिला.

पांचव्या दिवशीं दुपारीं चारहि नट आलटून पालटून, समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले गेले. टर्बोंत हातानें तेल सोडण्यांत आलें. इंजिन सुरू झाल्यावर मिस्त्र्यानें तें बराच वेळ संथ चालू ठेवविलें आणि सांध्याभोंवतीं हात फिरवून पाहिलें. मग जुन्या नटांचा ढीग त्यानें उचलला. माझी अपेक्षा अशी, कीं तो ते टाकून देईल. त्यानें ते डब्यांतच टाकले. तो अडीच सुताचा तुकडा मात्र वेगळा काढून रस्त्यापलीकडच्या खड्ड्यांत भिरकावला.