मेम्फिस मिनी : ऐकलेला आवाज, न पाहिलेले हात

संगीताच्या इतिहासात स्त्रीला जागा मिळते ती बहुधा गायिकेची. अमेरिकी ब्लूज संगीतातील मा रेनी आणि बेसी स्मिथ ही नावे आपल्यापर्यंत पोचली ती त्यांच्या आवाजामुळे. गिटार मात्र पुरुषाच्याच हातात कल्पिली जाते. मेम्फिस मिनीने हा समज खोटा ठरवला; तरीही तो टिकला कसा?

लिझी डग्लस हे तिचे मूळ नाव, जन्म १८९७चा. किशोरवयातच ती मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर गिटार वाजवून पोट भरू लागली. १९२९ मध्ये जोडीदार कॅन्सस जो मॅकॉय याच्यासह कोलंबिया कंपनीसाठी तिची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्यांतले 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे १९२७च्या मिसिसिपी महापुरावरचे गाणे. त्यात आवाज आहे तो जोचा. मिनी आहे ती गिटारच्या तारांत. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाने १९७१ मध्ये ते नव्याने सादर केले, तेव्हा श्रेयनामावलीत तिचे नाव आले. पण रचनाकार म्हणून. वादक मिनी पडद्याआडच राहिली.

तिचे हात टिपले ते एका कवीने. १९४३च्या जानेवारीत 'शिकागो डिफेंडर'मधील आपल्या स्तंभात लँग्स्टन ह्यूज यांनी शिकागोच्या एका क्लबमधील तिच्या विद्युत् गिटारचे वर्णन केले. त्या नादात त्यांना पोलादी कारखान्यांतील यंत्रांचा गडगडाट ऐकू आला. शिकागोच्या विद्युत् ब्लूजची कथा सामान्यतः मडी वॉटर्सच्या १९४८च्या यशापासून सांगितली जाते. हा स्तंभ त्याच्या पाच वर्षे आधीचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

समकालीनांनी तिचे कौतुक केले नाही असे नाही. बिग बिल ब्रून्झी या नामवंत वादकाने तर तिच्याकडून स्पर्धेत हरल्याची हकीकत आत्मकथनात सांगितली आहे. परंतु 'पुरुषासारखी वाजवते' हा त्या काळच्या प्रशंसेचा ठरलेला साचा होता. अशी प्रशंसा वादनाला मान देते आणि त्याच वाक्यात वादिकेला अपवाद ठरवते. अपवादाची परंपरा होत नाही. म्हणून पुढच्या इतिहासकारांना तिच्यापासून आरंभ करण्याची निकड भासली नाही.

१९७३ मध्ये मिनीचे निधन झाले. तिच्या थडग्यावर नावाची शिळा बसली ती १९९६ मध्ये. तिचा खर्च उचलला बॉनी रेट हिने. ती स्वतः गिटारवादक आहे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. परंपरा इतिहासकारांनी नोंदवली नाही, तरी वादिकेने ती ओळखली होती.