खुले मानक कागदावर असून भागत नाही : मेसेंजरची पारख करायची कुणी?

हल्ली कुठल्याही बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : “गट कोणत्या अ‍ॅपवर काढायचा?” एक जण एक नाव सुचवतो, दुसरा म्हणतो ते सुरक्षित नाही, तिसरा म्हणतो सगळे तर तिथेच आहेत. आणि चर्चा तिथेच संपते. आमचीही संपायची. मग एके दिवशी एका लोकप्रिय अ‍ॅपने आमच्या गटाच्या एकमेव अ‍ॅडमिनचा नंबरच बंद केला. कारण कळवले नाही, दाद मागायला समोर माणूस नाही. सभा चार दिवसांवर आलेली, आणि गटात नवीन माणूस जोडता येईना. तेव्हापासून आम्ही प्रश्न बदलला. कोणते अ‍ॅप चांगले, हे नंतर पाहू. ते चांगले आहे हे तपासून सांगतो कोण, आणि त्या सांगणाऱ्याला आपण तपासू शकतो का? या प्रश्नाला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

सुरुवात एका साध्या निरीक्षणापासून करू. जीमेलवरून याहूला ईमेल जातो. दोन कंपन्या, दोन मालक, तरीही निरोप पोचतो. कारण ईमेल पाठवण्याचे नियम कुणाच्या मालकीचे नाहीत. ते जाहीर आहेत, कुणीही वापरावेत. यालाच खुले मानक म्हणतात. मग एका मेसेंजरवरून दुसऱ्या मेसेंजरवर निरोप का जात नाही? तांत्रिक अडचण आहे म्हणून? मुळीच नाही. मालकाची इच्छा नाही म्हणून.

पुरावा १९९९ सालचा आहे. आयसीक्यू १९९६ मध्ये आले, अमेरिका ऑनलाइनचे म्हणजे एओएलचे एआयएम १९९७ मध्ये. १९९८ मध्ये एओएलने आयसीक्यूही विकत घेतले. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर बाजारात आणले आणि त्यातून एओएलच्या लोकांशीही बोलता येईल अशी सोय केली. एओएलने ती वाट अडवली. मायक्रोसॉफ्टने नवी वाट काढली, एओएलने तीही अडवली. हा खेळ काही महिने चालला आणि नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. त्या वेळी खुल्या मानकाची भाषा मायक्रोसॉफ्ट बोलत होती! जो मागे असतो त्याला खुलेपणा आठवतो, जो पुढे असतो तो दार लावून घेतो. हे एकदा लक्षात ठेवले की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

सरकारने हस्तक्षेप केला का? केला. जानेवारी २००१ मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणाला मान्यता देताना अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अट घातली. पुढच्या पिढीची, व्हिडिओसारखी मेसेजिंग सेवा द्यायची असेल, तर आधी इतरांशी जोडून घ्या. पण साध्या मेसेजिंगला ती अट लागू नव्हती. एओएलने जोडणीही केली नाही आणि ती प्रगत सेवाही दिली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये अटच उठली. आदेश होता, दार बंदच राहिले.

दुसरीकडे एक वेगळे काम चालू होते. जानेवारी १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकी प्रोग्रामरने ‘जॅबर’ जाहीर केले. कल्पना ईमेलचीच : कुणीही आपला सर्व्हर उभारावा, कुणीही आपले अ‍ॅप लिहावे, आणि सगळ्यांनी एकमेकांशी बोलावे. २००१ मध्ये जॅबर सॉफ्टवेअर फाउंडेशन उभे राहिले, तेच २००७ पासून एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशन. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्याला ‘एक्सएमपीपी’ या नावाने अधिकृत मानकाचा दर्जा दिला. आता लढाई जिंकली असे कुणालाही वाटले असते. आमच्या मते खरी अडचण इथूनच सुरू झाली.

अडचण अशी. मूळ मानक लहान होते. गटचर्चा, फोटो पाठवणे, मोबाइलवर संपर्क टिकवणे, जुने निरोप दुसऱ्या फोनवर दिसणे, या प्रत्येकासाठी वेगळी जोडनियमावली आली. अशा नियमावल्यांची संख्या शेकड्यांत गेली. मग दोन अ‍ॅप आपल्यावर ‘एक्सएमपीपी’ची पाटी लावून उभी असत, पण एकाचा फोटो दुसऱ्यात उघडत नसे. पाटी खरी आणि अनुभव खोटा. यावर उपाय म्हणून फाउंडेशनने ‘अनुपालन संच’ काढायला सुरुवात केली. आजचे मेसेंजर म्हणवून घ्यायचे तर निदान एवढ्या नियमावल्या पाळल्याच पाहिजेत, अशी ती यादी. त्यात प्राथमिक आणि प्रगत अशा दोन पायऱ्या. अधूनमधून ती नव्याने काढली जाई. २०१२ नंतर पुढची यादी यायला २०१६ उजाडले. म्हणजे जगाच्या हातात स्मार्टफोन आला, नेमक्या त्याच काळात मानक चालवणाऱ्यांची यादी जुनी झाली होती.

आणि यादी पाळली की नाही हे तपासायचे कुणी? फाउंडेशनने ते काम अंगावर घेतले नाही. तिच्या संकेतस्थळावर सॉफ्टवेअरची यादी असे, पण वर सूचना असे की ही सॉफ्टवेअर आम्ही बनवलेली नाहीत आणि मानकाचे पालन, वापरातली सोय, भरवसा यांची औपचारिक तपासणी केलेली नाही. प्रामाणिक सूचना आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. मानक ठरवणाऱ्याने एका अ‍ॅपची बाजू घेतली तर बाकीचे म्हणणार, पंचच खेळायला उतरला. पण या तटस्थतेची किंमत कुणी मोजली? नवख्या माणसाने. त्याने विचारले “कोणते घेऊ?” आणि उत्तर मिळाले “तुमचे तुम्ही पाहा.” तो गेला जिथे सगळे होते तिथे.

या मोकळ्या जागेत मोठ्या कंपन्या शिरल्या. गुगलने ऑगस्ट २००५ मध्ये गुगल टॉक एक्सएमपीपीवर आणले आणि जानेवारी २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरांशी जोडले. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीचे दार दिले, पण ते फक्त वेगळ्या अ‍ॅपमधून फेसबुकवर येण्यासाठी. बाहेरच्या सर्व्हरवरच्या माणसाला फेसबुकवरच्या माणसाशी बोलता येत नव्हतेच. २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने तर आत एक्सएमपीपी बदलून वापरले आणि बाहेर दारच ठेवले नाही. तिघांच्याही मागे एकच मानक, आणि तीन वेगळे अर्थ : एक उघडा, एक अर्धा, एक कुलूपबंद. ‘खुल्या मानकावर आधारित’ या शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्याला हा फरक कोण सांगणार होते? पुढे मे २०१३ मध्ये गुगलने हँगआउट्स आणले आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांसाठी जागा ठेवली नाही. फेसबुकने आपले अर्धे दार २०१५ मध्ये लावले. लोकांना तिथे नेऊन बसवल्यावर शिडी काढून घेतली.

मग तपासणी आली कुठून? खालून. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केली. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी एक साधे साधन उभारले. कोणत्याही एक्सएमपीपी सर्व्हरचे नाव टाका, त्याच्या संपर्काचे कुलूप किती पक्के आहे हे ते तपासणार आणि शाळेसारखी श्रेणी देणार. ती श्रेणी सगळ्यांसमोर, आणि परीक्षा कुणालाही पुन्हा घेता येईल अशी. सर्व्हर चालवणाऱ्यांनी जाहीरनामा काढला, ४ जानेवारी २०१४ रोजी पहिली चाचणी केली आणि १९ मे २०१४ पासून कुलूपबंद संपर्काशिवाय एकमेकांशी न बोलण्याचा निर्णय अमलात आणला. या कसोटीवर नापास कोण झाले? गुगल! त्याच्या सर्व्हरांकडे इतर सर्व्हरांशी बोलताना हे कुलूप नव्हतेच. जगातली एक बलाढ्य कंपनी त्या दिवशी छोट्या छोट्या सर्व्हरांच्या परीक्षेत मागे पडली. उघड परीक्षेची ताकद ती हीच.

हाच धडा पुढे गिरवला गेला. २०१४ मध्ये आलेल्या ‘कॉन्व्हर्सेशन्स’ या अँड्रॉइड अ‍ॅपच्या लेखकाने सर्व्हर आवश्यक नियमावल्या पाळतो का हे तपासणारे साधन लिहिले. २०१८ मध्ये ते वेबवर सर्वांसाठी खुले झाले. कोणता सर्व्हर किती टक्के, सगळे जाहीर. सर्व्हर चालवणारे आपापली टक्केवारी सुधारण्याच्या मागे लागले. फाउंडेशनचा कागद जे करू शकला नाही, ते जाहीर गुणपत्रिकेने केले. आज नवख्यांसाठी सेवा देणाऱ्या सर्व्हरांची श्रेणीवार यादीही स्वयंसेवक चालवतात, आणि कोणत्या निकषावर कोण कुठे बसला हे तिथे लिहिलेले असते.

इथे कुणी म्हणेल, मग सरकारलाच प्रमाणपत्र द्यायला सांगा. मित्रहो, दाखल्यासाठी खेटे घालणे काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रमाणपत्र देणाऱ्याचा दरवाजा बंद असला की प्रमाणपत्रच अडवणुकीचे हत्यार होते. पण सरकारी तपासणी सरसकट वाईट असेही आम्ही म्हणणार नाही. जर्मनीत आरोग्यसेवेसाठी गेमाटिक ही संस्था ‘मेट्रिक्स’ या दुसऱ्या खुल्या मानकावर मेसेंजरची नियमावली जाहीर करते, आणि त्या चाचणीत उतरलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या उत्पादनांना मान्यता देते. मक्ता एकाला नाही. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच मानकावर ‘चाप’ (Tchap) नावाचे अ‍ॅप काढले, तेव्हा एका संशोधकाने काही तासांत सरकारी पत्ता नसताना खाते उघडून दाखवले. चूक लगेच दुरुस्त झाली. सरकारचा शिक्का चूक रोखू शकला नाही, बाहेरच्या माणसाच्या तपासणीने ती पकडली.

आपल्या देशात काय आहे? नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. स्वामित्वशुल्क नसलेले मानक वापरावे, हे त्याचे सूत्र. पण ते सरकारी कामापुरते. मे २०२३ मध्ये याच देशात चौदा मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी आली. दहशतवादी त्यांचा वापर करतात असे कारण दिले गेले. त्यात मेट्रिक्सवर चालणारे ‘एलिमेंट’ही होते. बंदी अ‍ॅपच्या नावावर आली. मानकाला मात्र नाव-गाव नसते, ते दुसऱ्या अ‍ॅपमधून बोलत राहते. दुसरीकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. दंड झाला म्हणून आपला गट दुसरीकडे नेता आला का? नाही. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर इतरांशी जोडून घेण्याचे बंधन आले आहे, पण जोडणीच्या अटी व्हॉट्सअ‍ॅपच लिहिते. दार उघडले, उंबरठा मालकाचाच.

पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आपण विसरलेलो नाही. वाहिनी ज्याची, निर्णय त्याचा. म्हणून भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी ‘प्रव’ नावाचे एक्सएमपीपीवरचे अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या सहकारी मालकीचे असावे या कल्पनेने सुरू केले आहे, त्याकडे आम्ही आस्थेने पाहतो. आस्थेने, पण डोळे मिटून नाही.

कारण शिफारस करणाऱ्याने तोटेही सांगितले पाहिजेत. एक्सएमपीपीवर कोण कुणाशी केव्हा बोलला हे सर्व्हर चालवणाऱ्याला कळू शकते. सगळ्या अ‍ॅपमध्ये निरोपाचे कुलूप आपोआप लागतेच असे नाही. काही फोनवर सूचना उशिरा येतात. हे न सांगता “हेच वापरा” म्हणणारा प्रचारक आहे, शिफारसकर्ता नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी अ‍ॅप सुचवले तर त्याला विचारा : नियम जाहीर आहेत का? दुसऱ्या मालकाच्या सर्व्हरशी ते बोलते का? तपासले कुणी, आणि तीच तपासणी आपण पुन्हा करू शकतो का? उद्या सोडायचे ठरले तर माणसे सोबत नेता येतील का? एओएलने एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये बंद केले, आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाले. कोट्यवधी लोकांची ती गावे एका निर्णयाने उठली.

आम्ही स्वतः काय केले? जुना गट सोडला नाही, कारण आपली माणसे तिथे आहेत. पण आता तिथे तीन अ‍ॅडमिन आहेत, आणि सर्वांचे नंबर एका वहीत लिहून ठेवले आहेत. सोबत अकरा जणांचा एक गट एक्सएमपीपीवर चालवून पाहतो आहोत. सर्व्हर निवडण्याआधी त्याची गुणपत्रिका पाहिली. काय अडले, काय चालले, तेही त्याच वहीत लिहितो आहोत. सहा महिन्यांनी ती वही बैठकीत सर्वांपुढे ठेवू. आमची शिफारस काय असेल ते तिच्यावरून ठरेल.