सोयाबीन : स्तुती आणि सावधगिरी

एखादे नवे धान्य जनतेसमोर येते तेव्हा त्याचे गुण आधी गाजतात. दोष मागाहून आणि हळूहळू ध्यानात येतात. सोयाबीनची कथा याहून थोडी निराळी आहे. हिंदुस्थानात त्याची स्तुती आणि त्याच्याविषयीची सावधगिरी ही दोन्ही एकाच दशकात छापली गेली. स्तुती मात्र घरोघर पोचली आणि सावधगिरी वैद्यकीय मासिकांतच राहिली.

स्तुतीला कारण होते. सोयाबीनच्या शंभर भागांत सुमारे चाळीस भाग प्रथिन आणि वीस भाग तेल असते. दूध ज्यांना परवडत नाही अशा कोट्यवधी लोकांच्या देशात हे आकडे डोळ्यांत भरण्यासारखेच होते. बडोदे संस्थानच्या अन्नपाहणी खात्याने या धान्याचा पुरस्कार केला आणि १९३६ साली एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील ग्रंथ बडोद्याहूनच पाककृतींसह प्रसिद्ध झाला. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी सोयाबीनचा आहारात प्रयोग केला आणि ‘हरिजन’मधून त्याची माहिती दिली.

परंतु त्यापूर्वीच, १९१७ साली, अमेरिकेतील ऑसबोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवली होती. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नव्हती. तेच सोयाबीन शिजवून दिले असता ती होऊ लागली. या कोड्याचा उलगडा पुढे अनेक वर्षांनी झाला. पोटात प्रथिनाचे पचन करणाऱ्या ट्रिप्सिन नावाच्या पाचकद्रव्याला अडविणारा एक पदार्थ सोयाबीनमध्ये असतो. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी तो स्फटिकरूपात वेगळा करून दाखविला. म्हणजे जे दाणे प्रथिनासाठी खायचे, तेच कच्चे राहिल्यास प्रथिनाच्या पचनाला आडवे येतात. भरपूर ओलसर उष्णता मिळाली की या पदार्थाचा बहुतांश जोर नष्ट होतो. चीन व जपान या देशांत सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून आणि आंबवून खाण्याची परंपरा आहे. तिच्यातील शहाणपण प्रयोगशाळेने असे मागाहून सिद्ध केले.

दुसरा दोष दक्षिणेतील कुन्नूर येथे उजेडात आला. तेथील पोषण संशोधनाचे प्रमुख रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी सोयाबीन व भुईमूग यांच्या गलगंडकारक परिणामाविषयी १९३३ सालीच लिहिले होते. सोयाबीनमुळे शरीराची आयोडीनची गरज वाढते, असे पुढील संशोधनातून दिसले. या इशाऱ्याची किंमत तान्ह्या मुलांना मोजावी लागली. गाईचे दूध न सोसणाऱ्या बालकांना अमेरिकेत सोयाबीनचे दूध दिले जाई. त्यांपैकी काहींना गलगंड झाल्याची वृत्ते १९५९ आणि १९६० साली वैद्यकीय नियतकालिकांत आली. त्यानंतर अशा दुधात आयोडीन घालण्यात येऊ लागले आणि ही तक्रार जवळजवळ नाहीशी झाली. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने मात्र ती सोयाबीनच्या पदार्थांबरोबर घेऊ नये, कारण औषध अंगी लागण्यात त्याने अडथळा येतो.

तिसरी शंका मेंढ्यांपासून निघाली. १९४६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांत वंध्यत्व आल्याचे नोंदविले. त्या गवतातील स्त्री-संप्रेरकासारखी द्रव्ये ज्या वर्गातील आहेत, त्याच वर्गातील द्रव्ये सोयाबीनमध्येही आहेत. तेवढ्यावरून पुरुषांनी सोयाबीन खाऊ नये अशी भीती पसरली. परंतु अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०१० सालच्या आढाव्यात पुरुषांच्या संप्रेरकांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. जशी स्तुती अतिरेकी होऊ शकते, तशी भीतीही.

स्तुतीलाही पुढे कात्री लागली. १९४६ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या समितीने सोयाबीन हे नेहमीच्या डाळींहून विशेष सरस नाही, असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने १९९९ साली सोयाबीनचे प्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करते असे सांगण्यास अनुमती दिली. ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच खात्याने २०१७ साली मांडला.

१९६० नंतरच्या दशकांत माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पसरले आणि १९८७ साली इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तेल काढल्यावर उरणारी पेंड कोंबड्यांना घालण्यापूर्वी भाजली जाते, आणि ती पुरेशी भाजली गेली की नाही हे रासायनिक कसोटीने तपासले जाते. घरच्या स्वयंपाकात अशी कसोटी नसते. गव्हात कच्चे सोयाबीन मिसळून दळून आणणाऱ्या गृहिणीने दाणे आधी चांगले उकळून वाळवावेत, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. ज्यांना सोयाबीनचे वावडे आहे त्यांनी तर ते टाळलेच पाहिजे.

इतरांसाठी निष्कर्ष साधा आहे. सोयाबीन अमृत नाही आणि विषही नाही. ते पुरते शिजवावे, मीठ आयोडीनयुक्त असावे आणि तूर, मूग, हरभरा यांना ताटातून हद्दपार करू नये. जे अन्न गरिबाला दुधाच्या ऐवजी सुचवायचे, त्याचे गुण सांगताना त्याची कृती आणि त्याचे दोषही त्याच पानावर छापले गेले पाहिजेत.