लस आणि तापमानाचा पहारा

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे जिवाणू वाढवण्याची आमची पेटी उन्हाळ्यात थंड करावी लागते, हिवाळ्यात तापवावी लागते. हा पहारा यंत्रावर सोपवण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

त्या काळी उबवणपेटी वायूच्या ज्योतीवर तापत असे. रात्री ज्योत कमी-जास्त कोणी करायची? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एमिल रू यांनी जस्त आणि पोलाद यांची जोडपट्टी वापरली. तितक्याच उष्णतेने जस्त पोलादाच्या सुमारे अडीच पट प्रसरण पावते. म्हणून पेटी तापली की पट्टी वाकते, वायूची वाट अरुंद होते आणि ज्योत मंदावते. पेटी निवली की वाट पुन्हा मोकळी! आपल्या विजेच्या इस्त्रीतही हेच तत्त्व असते.

याच संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगवर लस शोधण्यासाठी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. अनेक रोगजंतू ३७ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. प्लेगचा जंतू मात्र २५ ते ३० अंशांना. मुंबईची हवा वर्षातला बराच काळ याच टप्प्यात असते! मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून हाफकिन यांनी जंतू काही आठवडे वाढवले.

खरी कसोटी पुढे होती. जंतू मारण्यासाठी हा रस तासभर ६५ ते ७० अंशांवर ठेवायचा. तापमान कमी पडले तर जिवंत प्लेग टोचला जाणार. फार वाढले तर लसीचा गुण जाणार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तापमापकावरचा विश्वास याहून वेगळा कसा दाखवणार?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एक तापमापक मोकळ्या हवेत आणि दुसरा पाण्याच्या बाटलीत ठेवून दोन्ही खोक्यात घाला आणि खोके उन्हात ठेवा. हवा लवकर तापेल, पाणी मागे राहील. पेटीचे तापमान म्हणजे कुपीतील द्रवाचे तापमान नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल.