तीन शतकांचा संसार

साल १७२५. सर्बियातलं किसिल्येवो हे खेडं काही वर्षांपूर्वीच ऑस्ट्रियाच्या ताब्यात आलंय. पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि मागोमाग आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली, प्रत्येक जण जेमतेम दिवसभराच्या आजारानं. त्या नऊ जणांत तू आणि तुझा नवरा आहात आणि मरून व्हँपायर झाला आहात, असं धरून चल. आता कुंपणाआडून दोघं बघताय.

पेतार व्हँपायर झालाय असा गावाला संशय आहे, म्हणून त्याचं थडगं उकरलंय. पुरून दहा आठवडे झाले तरी प्रेत कुजलेलं नाही. दाढी वाढलीय, जुनी कातडी सोलून खाली नवी आलीय, तोंडात ताजं रक्त आहे. फ्रॉम्बाल्ड नावाचा सरकारी अधिकारी बेलग्रेडहून परवानगी येईपर्यंत थांबा म्हणत होता. गाव सोडून जाऊ अशी धमकी मिळाल्यावर तो नमला. छातीत टोकदार लाकूड ठोकतात, मग प्रेत जाळतात. पेतारची बायको मात्र इथे नाही. मेलेला नवरा रात्री दारात येऊन आपल्या वहाणा मागू लागला, म्हणून ती केव्हाच परगावी निघून गेली.

तुझा नवरा तुझं मनगट घट्ट धरतो. तुम्हा दोघांच्याही तोंडावर दार लावलं जाणार, हे त्याला कळून चुकलंय. तुमचा हा दुसरा संसार भीतीपोटी सुरू होतो.

१७५५. सम्राज्ञी मारिया थेरेसा आपला वैद्य व्हान स्वीटेन याचा व्हँपायरांवरचा अहवाल वाचून हुकूम काढते: प्रेतं उकरायची नाहीत, जाळायची नाहीत. तुम्ही सुटता. पण तुम्ही आहात हे आता सरकारलाच मान्य नाही.

१८१६ चा पावसाळी जून, जिनिव्हाचं सरोवर. कवी बायरनच्या बंगल्यात भुताखेतांच्या गोष्टी रंगतात आणि त्यातून त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी व्हँपायरची एक कथा रचतो. १८१९ मध्ये ती कथा छापून येते. तिच्यातला व्हँपायर उमराव आहे, देखणा, बायकांना नादी लावणारा. तुझा शेतकरी नवरा ती वाचतो आणि हळूहळू तसाच वागायला लागतो. उंची कोट, मेजवान्या, परक्या बायका. रक्तासाठी जावं लागतं, असं तो म्हणतो. तुलाही जावं लागतंच. तरी तो उशिरा परतला की तू त्याच्या कॉलरचा वास घेतेस.

१८९७. लंडनमध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध होते, तिच्यातला व्हँपायर आरशात दिसत नाही, आणि तुझंही आरशातलं प्रतिबिंब जातं. केस बांधायला तू उभी राहतेस, तर समोर नुसती खोली. तो मागून येऊन भांग सरळ करतो. ‘कशी दिसते मी?’ तू विचारतेस. ‘किसिल्येवोत होतीस तशीच.’ खरं असेल, किंवा पावणेदोनशे वर्षांत त्यानं तुझ्याकडे नीट पाहिलंच नसेल. ताडून बघायला तुझ्याकडे काही उरलेलं नाही. इथून पुढे तुझा चेहरा त्याच्या शब्दावर चालणार.

ऊन अजून तुमचं होतं. ड्रॅक्युलासुद्धा भर दिवसा लंडनमध्ये फिरतो. १९२२ मध्ये मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ हा सिनेमा येतो, त्यातला व्हँपायर सकाळच्या किरणांनी विरून जातो, आणि तुमची पहाटेची फेरी बंद होते. दर पिढीचा कलावंत तुमच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतो, आणि जितकं कमी उरतं तितके तुम्ही एकमेकांना चिकटता. याला प्रेम म्हणायचं की दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून टिकलेली सोबत? तू त्याला हे कधी विचारलेलं नाहीस. माझ्या मते विचारायला हवं होतं.

मग २०१३. जिम जार्मुशच्या ‘ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह’ या सिनेमात असंच शतकांचं व्हँपायर जोडपं आहे. अॅडम डेट्रॉइटमध्ये, ईव्ह टँजियरमध्ये, मध्ये अख्खा अटलांटिक. भांडण नाही, काडीमोड नाही. वेगळं राहूनही लग्न शाबूत आहे. तो खचलाय हे कळल्यावर ती फक्त रात्रीची विमानं गाठत त्याच्याकडे जाते. तिच्यापुढे दुसरी वाट होती, तरी ती निघाली. तुला इतक्या वर्षांत जे मिळालं नाही ते हेच. या विषयावरचा याहून समंजस सिनेमा माझ्या पाहण्यात नाही; मिळाला तर जरूर बघ.