फितीवरचे चांदीचे फूल

१/ पहिल्या महायुद्धातील दोन सैनिकांच्या छातीवर लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांची अगदी सारखी फीत आहे. एकीवर मात्र चांदीचे चिमुकले फूल शिवलेले आहे. ते कशासाठी?

२/ ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स वा बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांना ‘१९१४ स्टार’ मिळाला. त्यांपैकी जे शत्रूच्या माऱ्याखाली होते, त्यांच्यासाठी १९१९ मध्ये या तारखा कोरलेली कांस्य पट्टी मंजूर झाली. पदकाविना नुसती फीत लावताना पट्टीची खूण म्हणून हे फूल असे. फ्रान्समध्ये लढलेले भारतीय सैनिकही त्यास पात्र होते.

३/ इतर आघाड्यांवरील सैनिकांना ‘१९१४-१५ स्टार’ देण्यात आला. त्याची फीत तीच. पट्टी व फूल मात्र नाही.

४/ आता ११७ वी मराठा पलटण पाहा. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराकमधील फाव येथे मोहिमेस आरंभ करणाऱ्या १६ व्या ब्रिगेडमध्ये ती होती. त्याच महिन्यात साहिलची लढाई झाली आणि बसरा हाती आले. तारखा मुदतीत बसत होत्या, मारा खराच होता. पण भूमी फ्रान्सची नव्हती.

५/ शिवाय पट्टी मागणी केल्यावरच मिळे. अनेकांनी ती मागितलीच नाही. म्हणून जुन्या छायाचित्रातील फितीवर फूल नसल्यास, तो सैनिक १९१४ मध्ये लढला नव्हता असे अनुमान काढू नये. आधी त्याची पलटण व आघाडी शोधावी.