वास्तुकल्प स्पर्धा

एखाद्या नियोजित वास्तूसाठी अनेक वास्तुविशारदांकडून एकाच वेळी आराखडे मागवून, त्यांतील सर्वोत्कृष्ट आराखड्याची परीक्षक-मंडळाकडून निवड करविण्याची पद्धती. निविदा पद्धतीहून ती मूलतः भिन्न आहे. निविदेत ठरलेले काम कोण किती मोबदल्यात करील, हे पाहिले जाते; स्पर्धेत काम कसे असावे, हाच निर्णयाचा विषय असतो. सर्वांना प्रवेश असलेली खुली स्पर्धा व काही निवडक वास्तुविशारदांपुरती निमंत्रित स्पर्धा असे तिचे दोन मुख्य प्रकार होत. मोठ्या कामांसाठी स्पर्धा दोन टप्प्यांत घेतात. पहिल्या टप्प्यात केवळ संकल्पना मागवितात आणि निवडलेल्या मोजक्या स्पर्धकांकडून दुसऱ्या टप्प्यात तपशीलवार आराखडे घेतात.

या पद्धतीची मुळे प्राचीन ग्रीसपर्यंत जातात. मंदिराचे वा भव्य पुतळ्याचे काम द्यावयाचे असले, की नगरे तशी जाहीर घोषणा करीत व प्रतिस्पर्धी कारागिरांचे खर्चाचे अंदाज आणि नमुने पाहून निवड करीत, असा उल्लेख प्लूटार्क या ग्रीक लेखकाने (सु. ४६–१२०) केला आहे. काम कमी खर्चात, अधिक चांगले आणि लवकर करणाऱ्यास ते मिळे. म्हणजे रचना आणि किंमत यांची फारकत तेव्हा झालेली नव्हती; आधुनिक नियमांचा बराचसा खटाटोप ती करण्यासाठीच आहे. प्रबोधनकाळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटासाठी १४१८ मध्ये जाहीर झालेली स्पर्धा प्रसिद्ध आहे. हा घुमट पुढे ब्रूनेल्लेस्की याने उभारला.

लंडनमधील पार्लमेंटची वास्तू १८३४ मध्ये आगीत भस्मसात झाल्यावर नव्या वास्तूसाठी घेतलेल्या स्पर्धेत ९७ आराखडे आले. स्पर्धकांनी नावाऐवजी खुणा वापरल्या होत्या आणि चार्ल्‌स बॅरी याचा आराखडा निवडला गेला. तथापि त्या काळातील अनेक स्पर्धांविषयी गंभीर तक्रारी होत. परीक्षक वास्तुकलेशी अपरिचित असत, खर्चाच्या मर्यादा पाळणारे मागे पडत, तर कधी कोणाचेच काम न स्वीकारता आराखड्यांतील कल्पना फुकट वापरल्या जात. १८३४ मध्येच स्थापन झालेल्या ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने १८३९ मध्ये या प्रश्नावर अहवाल तयार केला आणि १८७२ मध्ये नियम घालून दिले.

ब्रिटिश अंमलाबरोबर ही पद्धती भारतात आली. मद्रास सरकारने प्रेसिडेन्सी कॉलेज व विद्यापीठाचे सेनेट हाऊस यांसाठी १८६४ मध्ये जाहिरात देऊन आराखडे मागविले. आलेल्या १७ आराखड्यांतून रॉबर्ट फेलोज चिझम याचा आराखडा निवडण्यात आला. मुंबईत मात्र याच चिझमला अपयश आले. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन याच्या हस्ते बसविण्यात आली होती. पण ती कोणत्या शैलीत बांधावी हे ठरले नव्हते. चिझमचा इंडो-सारसेनिक शैलीतील आणि एफ्‌. डब्ल्यू. स्टीव्हन्स याचा गॉथिक शैलीतील, असे दोन आराखडे विचारात घेतले गेले. शेजारच्या रेल्वेस्थानकाच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) भव्य वास्तूमुळे स्टीव्हन्सचा लौकिक तोवर झालेला होता. त्याचाच आराखडा स्वीकारला गेला. २५ एप्रिल १८८९ रोजी सुरू झालेले बांधकाम ३१ जुलै १८९३ रोजी पूर्ण झाले. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रु. होती, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रु. आला. सार्वजनिक बांधकामात असे क्वचितच घडते.

मुंबईतील दुसरे महत्त्वाचे उदाहरण प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयमचे (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) होय. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविण्यात आली. १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून जॉर्ज विटेट याची निवड झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, कोरीव सज्जे व जाळ्या यांमुळे ही वास्तू दख्खनच्या परंपरेशी नाते सांगते. बांधकाम १९१४ मध्ये पूर्ण झाले. तथापि पहिल्या महायुद्धाच्या काळात इमारत लष्करी रुग्णालयासाठी वापरली गेल्यामुळे संग्रहालयाचे उद्‌घाटन १० जानेवारी १९२२ रोजी झाले. निवडलेला आराखडा उत्तम ठरला, हे निर्विवाद आहे. मात्र विटेट हा सरकारी वास्तुविशारद जॉन बेग याचा साहाय्यक म्हणून १९०४ मध्ये मुंबईस आलेला होता. सरकारी सेवेशी संबंधित व्यक्तीने सार्वजनिक वास्तूच्या स्पर्धेत उतरावे काय, हा प्रश्न आजच्या नियमांनुसार प्रथमच विचारला गेला असता. १९१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचा विटेट पहिला अध्यक्ष होता. तीच संस्था पुढे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्‌स’ या नावाने देशव्यापी झाली.

आंतरराष्ट्रीय नियमांशी भारताचा एक वेगळाच संबंध आहे. लोझॅन येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या साहाय्याने यूनेस्कोने तयार केलेले आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे प्रमाण नियम १९५६ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या सर्वसाधारण परिषदेत संमत झाले. १९७८ मध्ये ते सुधारण्यात आले. स्पर्धकाचे नाव निकालापर्यंत गुप्त राहावे, परीक्षकांत स्वतंत्र वास्तुविशारदांचे बहुमत असावे, परीक्षकांचा निर्णय अंतिम असावा आणि आलेले आराखडे लोकांसाठी प्रदर्शित केले जावेत, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. विजेत्याबरोबर निकालानंतर २४ महिन्यांत पुढील करार झाला नाही, तर त्यास पहिल्या पारितोषिकाइतकी भरपाई मिळावी, असेही त्यांत म्हटले आहे. हे शेवटचे कलम सर्वांत दुर्बल आहे; कारण आयोजकाला भरपाई देता येते, पण वास्तू बांधण्यास भाग पाडता येत नाही.

भारतात आर्किटेक्ट्‌स अ‍ॅक्ट, १९७२ हा कायदा १ सप्टेंबर १९७२ पासून अंमलात आला व त्यान्वये वास्तुविशारद परिषद स्थापन झाली. परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार वास्तुविशारदाने परिषदेची स्पर्धाविषयक मार्गदर्शक तत्त्वे पाळणे आणि परीक्षक म्हणून नेमणूक झाल्यास ती परिषदेस कळविणे आवश्यक आहे. मान्य स्पर्धा वगळता, इतरांशी चढाओढ करून विनामोबदला वा कमी मोबदल्यात आराखडे करण्यास मनाई आहे. हे नियम वास्तुविशारदास बांधतात. काम देणारी सरकारी खाती त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. ग्रामीण भागात तर हा प्रश्नच सहसा उद्‌भवत नाही. सोलापूर जिल्ह्यातील करकंबसारख्या बाजारगावात शाळा, दवाखाना वा कचेरी बांधावयाची, तर ठरीव नमुना-आराखड्याचा आधार घेण्याचा प्रघात आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत गाजलेली स्पर्धा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये झाली. कोकणातील आचरे येथे जन्मलेले अच्युत कानविंदे हे तिच्या परीक्षकांपैकी एक होते. अमेरिकेतील राल्फ लर्नर विजयी झाले. तथापि त्यांच्या आराखड्याचा थोडाच भाग बांधला गेला. याच स्पर्धेचे परीक्षक असलेले जपानी वास्तुविशारद फूमिहिको माकी यांना पुढे स्पर्धक म्हणून विचित्र अनुभव आला. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशाच्या नियोजित अमरावती राजधानीसाठी निमंत्रित स्पर्धेत त्यांचा आराखडा निवडला गेला, मात्र थोड्याच काळात काम दुसऱ्या संस्थेकडे गेले. माकी यांनी वास्तुविशारद परिषदेकडे दाद मागितली.

दिल्लीतील नव्या संसद भवनासह ‘सेंट्रल व्हिस्टा’ प्रकल्पासाठी २०१९ मध्ये खुली स्पर्धा न घेता गुणवत्ता व किंमत यांच्या एकत्रित निकषावर सहा संस्थांतून एकीची निवड झाली. त्यावर व्यावसायिकांनी टीका केली. याउलट राष्ट्रीय युद्धस्मारकासाठी २०१६-१७ मध्ये जागतिक स्पर्धा घेण्यात आली. तिच्या परीक्षक-मंडळाचे नेतृत्व पुण्यातील क्रिस्टोफर बेनिंजर यांनी केले. स्मारकासाठी चेन्नईच्या व त्यालगतच्या युद्धसंग्रहालयासाठी मुंबईच्या संस्थेची निवड झाली. स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले.

पुनःपुन्हा स्पर्धा घेण्याचा ठळक दाखला ग्रीसमध्येच सापडतो. अथेन्सच्या अक्रॉपोलिस संग्रहालयासाठी १९७६ व १९७९ च्या स्पर्धा निष्फळ ठरल्या. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत इटालियन आराखडा विजयी झाला. परंतु जागेवर प्राचीन वसाहतीचे अवशेष सापडल्याने तो रद्द करावा लागला. २००० च्या चौथ्या स्पर्धेत बेर्नार शूमी यांची निवड झाली. त्यांनी इमारत खांबांवर उचलून धरून ते अवशेष काचेच्या तळजमिनीतून दिसतील, अशी योजना केली. संग्रहालय २० जून २००९ रोजी खुले झाले. मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या विस्तारासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१४ मध्ये अमेरिकेचे स्टीव्हन हॉल विजयी झाले. त्यांचा आराखडा कागदावरच राहिला.